बेटावर भाड्याची खोली

लातूरच्या एका क्लासमध्ये मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. हॉलभर पोरं, पुढे माईक, मागच्या बाकांसाठी टीव्हीचे पडदे. प्राणिसृष्टीचा धडा मला इतका पाठ होता की फळ्यावर तारामासा काढताना हात आपोआप पाच टोकं फिरून परत यायचा. समुद्रकाकडी, प्रवाळ, जेलीफिश, सगळं रंगीत खडूंनी. त्यातलं एकही मी जिवंत पाहिलेलं नव्हतं. समुद्रच पाहिलेला नव्हता. दर वर्षी कोकणात जायचं ठरायचं आणि टेस्ट सिरीजच्या वेळापत्रकात राहून जायचं.

त्यामुळे अंदमानातल्या एका खासगी शाळेची जाहिरात मोबाईलवर दिसली तेव्हा पगार किती ते मी नंतर वाचलं. आधी नकाशा उघडला. फोनवरच मुलाखत झाली, त्यांनी हो म्हटलं, मी क्लासचा राजीनामा दिला आणि अहमदपूरला भावाच्या घरी सांगायला गेले.

भाऊ तिथं मोंढ्याजवळ किराणा दुकान चालवतो. वडील गेल्यापासून अव्वा त्याच्याकडेच होती. अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, आणि तिचं माहेर देगलूरकडचं. तिकडे एका अंगाला कानडी मुलूख, दुसऱ्या अंगाला तेलुगू, म्हणून आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात आणि अव्वाला मराठीइतकंच तेलुगू येतं. भावाच्या घरी तिला काही कमी नव्हतं, वहिनी जीव लावणारी आहे. पण तिला करायलाही काही नव्हतं. सकाळी लिंगपूजा आटोपली की ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून डाळीतले खडे निवडायची, तेही मशीनवर साफ होऊन आलेल्या डाळीतले.

भावानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिथं कोण हाय आपलं?"

कोणी नाही, असं मी सांगितलं. मग त्यानं बराच वेळ समजावलं. लातूरला एवढं नाव झालंय, लग्नाचं वय निघून चाललंय, पाण्यानं वेढलेल्या जागी अडीअडचणीला पोहोचणार कोण. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. अव्वा डाळीच्या सुपावर मान घालून ऐकत होती. तो दम घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "मी बी जाते हिच्यासंगं. एकटी कशी ऱ्हाईल पोरगी?"

भावाला वाटलं, माझ्या काळजीनं म्हणतेय. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आम्ही हैदराबादहून विमानानं निघालो. अव्वाच्या सामानात ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोखंडी तवा आणि पूजेची पेटी. कपडे त्यातून उरलेल्या जागेत. ती खिडकीशी बसली. जमीन संपून खाली निळं सुरू झालं तशी तिनं कपाळ काचेला लावलं ते लावलंच. चहा आला, तिनं मान हलवून नको म्हटलं. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्ये सगळं पाणीच?" मी हो म्हटलं. ती पुन्हा काचेकडे वळली. मग अचानक त्या निळ्यात दाट हिरवे ठिपके दिसायला लागले, त्यांच्या कडेनं पांढरी किनार, आणि विमान खाली झुकलं. मी अव्वाच्या खांद्यावरून पुढे वाकले. लहानपणी उरूस-जत्रेला बैलगाडी गावात शिरायची तेव्हा वाकायचे तशी.

पोर्ट ब्लेअरचं नाव आता बदललंय, पण तोंडी अजून तेच आहे. आम्ही बाजारातल्या एका लॉजवर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. शाळेतल्या बाईंनी चहा मागवला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. अकरावी सायन्सला पुरेसे प्रवेश झाले नव्हते, त्यामुळे यंदा तो वर्ग उघडणारच नव्हता. पुढच्या वर्षी नक्की बघू, असं त्या म्हणाल्या. खरंच ओशाळल्या होत्या बिचाऱ्या.

बाहेर आले. रस्ता उताराचा होता आणि उताराच्या शेवटी समुद्र होता, दुपारच्या उन्हात नुसता लखलखत. मी तिथं उभी राहून वाईट वाटायची वाट पाहिली. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्या उताराच्या टोकाला जाऊन पाण्यात पाय घालावेत असं वाटत होतं.

लॉजवर येऊन अव्वाला सांगितलं. परतीचं तिकीट कधीचं मिळतं ते बघते, असंही म्हणाले. ती वाळलेल्या लुगड्याची घडी घालत होती. घडी पुरी केली, पिशवीत ठेवली.

"परत जायाचं म्हणून मी आले न्हाई," ती म्हणाली. "एवढं समुद्रावरून आलोत. आधी एक खोली बघू. काम काय, सापडंल."

"आणि नाही सापडलं तर?"

"मंग तवा बघू की."

माझी काळजी वाहायला ती आली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. ती स्वतःसाठी आली होती. मला एकदम हसू फुटलं, तीही हसली, आणि आम्ही दोघी त्या लॉजच्या पलंगावर शाळेतल्या मैत्रिणींसारख्या हसत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून खोली शोधणं सुरू झालं. ते शहर म्हणजे सगळे चढ-उतार, आणि अव्वाला सपाट रस्त्याची सवय. तरी ती माझ्या पुढे चालायची. घरं पुष्कळ होती, पण बरीचशी पर्यटकांसाठी. उरलेल्या ठिकाणी पहिला प्रश्न असायचा, घरात पुरुष माणूस कोण? कुणी नाही म्हटलं की घरमालकाला आठवायचं की खोली पुतण्याला कबूल केली आहे. जिथं हा प्रश्न आला नाही तिथं स्वयंपाकघर सामाईक, आणि त्यात कुणीतरी मासळी साफ करत बसलेलं. जन्मात अंड्याच्या टरफलालाही न शिवलेली अव्वा दारातूनच हात जोडायची आणि "अच्छा है, अच्छा है" म्हणत मागे फिरायची.

हिंदी मात्र माझं तिथं सगळ्यांना कळायचं. "हौ", "नक्को", "कायको" असं आमच्या नांदेड-लातूरचं हिंदी ऐकून प्रत्येक जण विचारायचा, हैदराबादके हो क्या? थोड्या दिवसांनी मी हो म्हणायला लागले. लातूर कुठं हे समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

एका सकाळी आम्ही धक्क्याकडे जाणाऱ्या गल्लीतून चाललो होतो. इथून पर्यटकांच्या बोटी सुटतात. गल्लीच्या तोंडाशी चहा-नाश्त्याची एक टपरी होती आणि तिथली बाई फोनवर कुणाला तरी तेलुगूतून फैलावर घेत होती. अव्वा थांबली. बाईचं बोलणं संपेपर्यंत तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग पुढे होऊन म्हणाली, "अक्का, इक्कडा इल्लु उन्नदा?" म्हणजे, ताई, इकडे घर आहे का?

त्या बाईनं डोळे बारीक केले. मग तिचं सगळं अंग हलायला लागलं. आधी मला वाटलं, रागावली. ती हसत होती. त्यांच्या समुद्रकाठच्या तेलुगूत "उन्नदा" म्हणत नाहीत, "उंदा" म्हणतात, आणि इतक्या वर्षांत तिनं अंदमानात कुणाच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. तिनं आम्हाला बाकावर बसवलं, इडली दिली आणि अव्वाकडून एकेक वाक्य काढून घेऊन पुन्हा पुन्हा हसली. अव्वाही तिच्या बोलीला हसली. मला चार शब्दांपलीकडे काही समजत नव्हतं. मी आपली इडली खात होते.

तिच्या सासरची माणसं आंध्रच्या किनाऱ्यावरून मासेमारीसाठी इथं येऊन राहिलेली. नवरा वारलेला, मुलं बोटीवर. घर टपरीच्या मागेच, दुमजली, आणि वरची पत्र्याची खोली रिकामी होती. तिथं वेगळा जिना आणि वेगळा ओटा होता. आम्ही वर गेलो. खिडकी उघडली तर समोर नारळाची झाडं आणि त्यांच्यामधून धक्का, बोटी, पाणी. मी अव्वाचा दंड इतक्या जोरात धरला की ती "अगं" म्हणाली.

अडचण एकच होती. खोलीपुढच्या गच्चीवर अक्का मासळी वाळत घालायची. दोघींची त्यावर बरीच बोलाचाली झाली. हातवारे झाले, नाकं मुरडली गेली. शेवटी मासळी खालच्या मागच्या अंगणात जायची आणि गच्चीवर आमचे पापड-कुरड्या, असं ठरलं. जिना उतरताना अव्वानं मला तो करार मराठीत सांगितला.

"खाली त्यांचं मासं, वर आपला महादेव. मधी जिना हाय."

राहायला गेलो त्याच दिवशी अक्कानं जरा संकोचून सांगितलं की उन्हाळ्यात इथं नळाला दिवसाआड पाणी येतं, कधी त्याहूनही उशिरा. चहूबाजूंनी समुद्र असून प्यायला पाणी कमी. अव्वाच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती मी विसरणार नाही. ज्या बाईनं आमच्या भागातले टँकरचे उन्हाळे काढले, तिला दिवसाआड पाणी म्हणजे चैनच. तिनं त्याच संध्याकाळी एक झाकणाचा ड्रम आणायला लावला. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, भांडी धुतलेलं झाडाला. महिन्याभरात खालच्या घरातलीही पाण्याची मांडणी बदलली. पाणी सुटलं की अक्का खालून हाक मारायची आणि अव्वा पदर खोचून उतरायची.

एकदा दुपारी जमीन किंचित हलली. पत्रा खडखडला, ओट्यावरची भांडी वाजली. मी उठेपर्यंत दोघी जणी बाहेर अंगणात जाऊन उभ्या होत्या, मोकळ्या जागेत, झाडापासून लांब. हलणं थांबल्यावर अक्कानं त्सुनामीच्या लाटेच्या वर्षाचं सांगितलं, पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते भिंतीवर हात लावून दाखवलं. अव्वानं किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं. ती तेव्हा माहेरी होती, देगलूरकडेही त्या पहाटे घरं हलली होती आणि मी पाळण्यात होते. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींना नावानं हाक मारायला लागल्या.

मी कागदपत्रांची फाईल घेऊन रोज बाहेर पडायचे. शाळांना बी.एड. हवं होतं आणि मी एम.एस्सी. करून थेट क्लासमध्ये शिरलेली. हॉटेलांना रिसेप्शनवर माणूस हवं होतं, पण रात्रपाळीसकट. पाण्याखाली डायव्हिंग शिकवणाऱ्या एका दुकानात मी मोठ्या उत्साहानं गेले. त्यांनी विचारलं, पोहता येतं? मी नाही म्हटलं. त्यांनी सभ्यपणे दार दाखवलं. तरी मी निराश होऊन घरी आले असं आठवत नाही. प्रत्येक बस कुठल्या ना कुठल्या वळणावर समुद्राच्या कडेला यायची आणि मी सीट बदलून त्या बाजूला बसायचे.

काम आधी अव्वाला मिळालं. तिनं एका सकाळी ज्वारीच्या पिठाचे धपाटे केले आणि चटणीसोबत खाली अक्काला दिले. अक्कानं एक खाल्ला, उरलेले टपरीवर नेले. धक्क्यावर महाराष्ट्रातून आलेल्या सहलीची माणसं चहाला थांबली होती. धपाट्याचा वास आल्यावर त्यांनी आणखी मागितले. संपले म्हटल्यावर विचारलं, उद्या मिळतील का? दुसऱ्या दिवसापासून अव्वा टपरीवर इडलीच्या भांड्याशेजारी तवा मांडून बसली. इडली अक्काची, धपाटे अव्वाचे. पीठ संपत आलं तेव्हा तिनं भावाला फोन केला. तो म्हणाला, पीठ पाठवतो, पण तू तिथं टपरीवर बसून राहिलीस हे पावण्या-रावळ्यांना काय सांगू? तिनं सांगितलं, "सांग, लई गिऱ्हाईक हाय."

ओहोटीच्या वेळा मला अक्कानं शिकवल्या. भरती-ओहोटीला ती "आटुपोटु" म्हणायची आणि अव्वाला तो शब्द इतका आवडला की ती दिवसातून दोनदा उगीचच म्हणायची. पाणी मागे सरकलं की धक्क्याशेजारचे खडक उघडे पडायचे आणि त्यांच्यामधल्या डबक्यांत पाणी राहायचं. पहिल्यांदा तिथं उतरले तेव्हा माझ्या पायाशी, गुडघाभर पाण्यात, वाळू माखलेली काळी काकडी पडली होती. मी खाली बसले. ती हलत होती. अगदी सावकाश, तोंडाशी वाळू ओढत. मी समुद्रकाकडीसाठी होलोथुरिया हा शब्द आयुष्यात किती वेळा उच्चारला असेल त्याला गणती नाही, आणि आता तिच्यासमोर बसल्यावर मला तो आठवेना. मी नुसती "अगं बाई, अगं बाई" म्हणत होते.

पुढे मी रोज जायला लागले. एकदा अव्वाला हात धरून खडकांवर घेऊन गेले. एका डबक्यात निळा तारामासा होता. मी तिला सांगायला लागले की याला डोकं नाही, याच्या खाली शेकडो बारीक नळीपाय आहेत, हात तुटला तर नवा येतो. सांगता सांगता माझा आवाज चढला, मागच्या बाकापर्यंत पोहोचवायचा तो लातूरचा आवाज. वर धक्क्यावर सहलीची माणसं बोटीची वाट पाहत होती. त्यांनी मराठी ऐकलं आणि एकेक जण खाली उतरू लागला. कुणी आजोबा, कुणी नवं जोडपं, कुणी पोरंबाळं. कुणीतरी विचारलं, आणि ते दगडासारखं काय आहे, मॅडम? मॅडम हा शब्द कानावर पडल्यावर मला थांबवणं अवघड होतं. मी डबक्यामागून डबकं दाखवत गेले. हात लावू नका, उचलू नका, हेही दरडावून सांगितलं. अव्वा बाजूच्या खडकावर बसून माझ्याकडे बघत होती. तिनं मला शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात वरून हाक आली. काचेच्या तळाच्या बोटीचा मालक, पन्नाशीचा बंगाली माणूस, कमरेवर हात ठेवून उभा होता. या बोटींना तळाशी जाड काच असते आणि बसल्या जागी खालचं प्रवाळ दिसतं.

"मॅडम, आपने मेरी पूरी सवारी रोक ली," तो म्हणाला.

मी माफी मागितली. सगळे वर गेले, बोटीत बसले. तो मात्र तिथंच उभा होता. बोटीत येऊन हेच सगळं बोलाल का, असं त्यानं विचारलं. आमची पोरं फक्त "ये देखो मछली, वो देखो मछली" एवढंच सांगतात. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. तो म्हणाला, मग लाईफ जॅकेट नीट बांधा.

"आत्ता?" मी विचारलं.

"अभी नहीं तो कब?"

मी अव्वाकडे पाहिलं. तिनं खडकावरूनच हातानं जा म्हटलं.

बोट सुटली. मी काचेच्या कडेला गुडघे टेकून बसले. आधी नुसतं हिरवट धुकं दिसत होतं. मग खालून काहीतरी वर आलं, हळूहळू स्पष्ट झालं, आणि सगळा तळ उघडला. मेंदूसारखी वळ्यावळ्यांची प्रवाळं, सांबराच्या शिंगांसारखी, उघड्या तळव्यांसारखी, आणि त्यांच्यामधून पिवळ्या माशांची झुंड इकडून तिकडे. फळ्यावर मी हे सगळं एकाच गुलाबी खडूनं काढत आले होते. बोलायचं मी साफ विसरले. शेवटी एका आजींनी माझ्या पाठीला हात लावला आणि विचारलं, "बाई, ही झाडं आहेत का?"

"नाही आजी," मी म्हटलं, "हे प्राणी आहेत. एकेका फांदीत हजारो." आणि तिथून बोट धक्क्याला परत लागेपर्यंत माझं तोंड बंद झालं नाही.

त्या दिवसापासून मी त्या बोटीवर आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी बंद होतात, तेव्हा वरच्या खोलीत बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पहिली विद्यार्थिनी अक्काची नात होती, आता जिन्यावर चपलांची गर्दी असते. पोहायलाही शिकतेय. अजून पाय टेकतील तिथंच, पण शिकतेय.

नाताळच्या सुमारास भाऊ आला, पिठाची पोती घेऊन. अव्वाला सोबत न्यायचं त्याच्या मनात होतं, ते त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं. दुसऱ्या सकाळी तो टपरीवर जाऊन बसला. अव्वा एका हातानं धपाटा थापत, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला बसायला सांगत, अक्काशी तेलुगूत आणि बंगाल्याशी स्वतःच्या हिंदीत बोलत होती. भावानं तीन धपाटे खाल्ले, पण न्यायचा विषय काढला नाही. जायच्या आदल्या दिवशी तिनंच काढला. वैशाखात पुतणीचं लग्न आहे, त्याला येते म्हणाली, पण आठ दिवसांच्या वर राहायला सांगू नको, इथं सीझन असतो. भाऊ बरं म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, त्या काचेच्या बोटीत आपल्यालाही बसता येतं का?

या महिन्यात आम्ही शेजारची खोलीही घेतली, शिकवणीसाठी. काल रंग दिला. मी पांढरा म्हणत होते, अव्वाला निळा हवा होता. अक्कानं तिची बाजू घेतली, त्यामुळे निळा झाला. दुपारी बोटीचा मालक दोघा जणांना घेऊन फळा वर चढवायला आला. जिना अरुंद, फळा मोठा, तो वळणावर अडकला आणि खाली अव्वा आणि अक्का दोन भाषांत सांगत होत्या, तिरपा करा, तिरपा करा.